सातशे पंच्याऐंशी

बुधवारी सकाळी अकरा वाजता पहिला डंपर विहिरीत रिकामा झाला. दुपारी चार वाजता नववा झाला. मग रोलर फिरला. साडेपाच वाजता तिथे विहीर नव्हती.

मी आठ डंपर सांगितले होते. नऊ लागले.

विहीर का बुजवली, ते लिहीत बसत नाही. घरोघरी नळ आला तेव्हाच तिचे दिवस भरले होते. मी त्या आठवड्यात गावी होते ती बाबांचं घर आवरायला. बाबा कार्तिकात गेले. मी शिळफाट्याला राहते. तिथून गाव तासाभराच्या वाटेवर, कर्जतहून खालापूरकडे येताना डोंगराच्या पायथ्याशी. तरी चार महिने मी त्या दाराचं कुलूप काढलं नव्हतं. फाल्गुनातल्या त्या सोमवारी काढलं. बंद घराला कोंदट वास येतो, जुन्या कपड्यांचा, उंदरांचा, भिंतीतल्या ओलीचा. आमच्या घराला तो होताच, पण त्याच्या तळाशी आणखी एक वास होता, नाकाला किंचित चरचरणारा. ब्लिचिंग पावडरीचा. बाबा निवृत्त होऊनही वीस वर्षं झाली होती.

लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांना असाच वास येतो.

बाबा आरोग्य सेवक होते. गावातली माणसं त्यांना डॉक्टर म्हणत, काही मायेने, काही चिडवायला. त्यांचं खरं काम विहिरींचं. दर आठवड्याला पाच-सहा गावं आणि त्यांच्या वाड्या फिरायच्या, प्रत्येक विहिरीत पाणी किती आहे ते काढायचं आणि तेवढ्या पाण्याला लागेल तेवढी पावडर टाकायची, हजार लिटरला पाच ग्रॅम. सायकलच्या मागे पावडरीचा डबा, हँडलला दोन बादल्या, खांद्यावर काथ्याची दोरी. ती दोरी बघून बायका घागरी भरायची घाई करत. "आला बघ पावडरवाला. भर लवकर, नायतर दिवसभर चहाला दवाखान्याचा वास." बाबा हसत. "वास आहे तोवर तुम्ही आहात, वहिनी," म्हणत.

दोरी त्याच खुंटीवर होती. दाराच्या मागे, छत्रीच्या शेजारी.

सोमवारी संध्याकाळी मुकादम आला. कुंभिवलीचा तरुण मुलगा, गळ्यात मोबाईलची वायर.

"मॅडम, सरपंच बोलले, विहिरीचं माप डॉक्टरांच्या घरी मिळंल. मुरूम किती सांगायचा ते कळंना."

"तुमच्याकडे टेप नाही?"

"टेप हाय. पण खोलीला काय करू? मी नाय बा उतरनार आत."

मी दोरी काढली. इतकी वर्षं खुंटीवर राहून तिला वेटोळ्याचाच आकार आला होता. सोडली तरी ती पुन्हा गोल व्हायला बघत होती. दहा मीटरची दोरी, दर अर्ध्या मीटरला गाठ. गाठी बाबांनी बांधलेल्या. शेवटच्या गाठीच्या खाली दगड बांधायचा फास.

मुकादमाला मी पलीकडच्या काठावर उभं केलं. त्याने टोक धरलं, मी ताणलं. आठ गाठी. म्हणजे व्यास चार मीटर. मग दगड बांधून दोरी आत सोडली. तळाला दगड टेकला की हाताला कळतं. दोरीचं वजन एकदम आपलं राहत नाही. वर काढली, तेव्हा काठापासून तळापर्यंत चौदा गाठी भरल्या, म्हणजे सात मीटर. त्यातल्या खालच्या चार ओल्या. पाणी दोन मीटर.

मी पुटपुटले, चार चोक सोळा, सोळा साते एकशे बारा, गुणिले सातशे पंच्याऐंशी.

"मॅडम, मोबाईलमधी कॅल्क्युलेटर हाय की."

"नको."

सत्त्याऐंशी हजार नऊशे वीस लिटर. म्हणजे अठ्ठ्याऐंशी घनमीटर. त्याचे ब्रास केले, ब्रासचे डंपर केले. "आठ," मी म्हटलं.

तो गेला. मी काठावर बसून राहिले. ज्या आकड्याने आयुष्यभर पाणी मोजलं, त्याच आकड्याने मी माती मोजून दिली होती.

सातशे पंच्याऐंशी हा बाबांचा आकडा. तो त्यांना प्रशिक्षणात शिकवला होता. कोणालाही विहिरीच्या काठावर कागद-पेन्सिलीशिवाय हिशेब करता यावा म्हणून. व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, सातशे पंच्याऐंशीने गुणा, झाले लिटर. त्यात वर्तुळाचा तो पाय, तीन पूर्णांक चौदा, आहे, त्याला चारने भागलेलं आहे, घनमीटरचे लिटर केलेले आहेत. सगळं आधीच आत घालून ठेवलेलं, जसा तयार मसाला. वापरणाऱ्याने फक्त व्यास टाकायचा.

आमच्या घरात या आकड्याचा खेळ चाले. स्टीलचा पेला, मोरीतलं पिंप, तांब्याचा बंब, गोडेतेलाचा डबा, जे जे गोल आणि उभं ते बाबा माझ्यासमोर धरत आणि भुवया उडवत. "किती?" मी बोटाने तोंड मोजायची, वितीने उंची मोजायची, डोळे मिटून गुणायची. मग ते पाणी ओतून पडताळा बघत. बंब मला कधी जमला नाही. त्याच्या पोटातून धुराची नळी जाते ती मी वजा करायला विसरायची. "आतलं विसरलीस," बाबा म्हणत. "बाहेरून गोल दिसतं त्याच्या आत काय आहे तेही बघायचं." आई चुलीपाशी म्हणायची, "चहा निवला. त्याचंही घनफळ काढा आता." सकाळच्या त्या स्वयंपाकघरात गोवऱ्यांचा धूर, चहातली गवती चहाची पात आणि बाबांच्या बाहीवरचा तो चरचरीत वास, तिन्ही एकत्र असत. बाहीवर पांढरे ठिपके पडलेले, पावडरीने रंग खाल्लेले. त्यांचा एकही शर्ट ठिपक्यांशिवायचा नव्हता. मी सोमवारी कपाट उघडलं तेव्हा लग्नाकार्याचा म्हणून वेगळा ठेवलेला शर्टही बघितला. त्यालाही होते, दोन.

विहिरीच्या पलीकडे सुमीचं घर. सुमी माझ्या वर्गात. तिच्या घरी मोठी कणगी होती, बांबूची, शेणाने सारवलेली, तिच्या आईच्या डोक्यापेक्षा उंच. भात भरून झालं की कणगीचं तोंड पेंढ्याने बंद करत आणि घरात महिनाभर नव्या भाताचा, ओल्या शेणाचा गोड वास राही. एका वर्षी बाबांनी पैज लावली की कणगी न उघडता आत किती पायल्या भात आहे ते सांगतो. तिचं पोट मध्ये फुगलेलं, म्हणून त्यांनी तीन ठिकाणी दोरी गुंडाळून घेर घेतला, मी आणि सुमी दोन्हीकडून दोरी धरून तिच्याभोवती फिरलो आणि दोघींची टक्कर झाली. बाबांनी आकडा सांगितला. फाल्गुनात कणगी रिकामी झाली तेव्हा सुमीच्या आईने पायलीने मोजून बघितलं होतं. दोन पायल्यांचा फरक.

"डॉक्टर," ती म्हणाली, "कणगीतले उंदीर पन मोजले व्हते का वो? दोन पायल्या त्यांनी खाल्ल्या."

तेव्हापासून दर वर्षी दिवाळीनंतर नव्या भाताचे पोहे आमच्याकडे येऊ लागले. उखळात कांडलेले, जाड, तांबूस, अजून कोमट. पितळी डब्यात. सुमी डबा डोक्यावर घेऊन विहिरीला वळसा घालून यायची आणि उंबऱ्यातूनच विचारायची, "काका, किती?" बाबा डब्याकडे बघून सांगत. ती म्हणे, "चूक. वाटेत मी खाल्ले ते नाय धरले."

तिला मी काकी म्हणायची, सुमीच्या आईला. अगं-तुगं करायची.

शनिवार आमच्या विहिरीचा. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून आम्ही दोघी दुपारी बाबांच्या मदतीला असायचो. सुमी पलीकडच्या काठावर जाऊन दोरीचं टोक धरायची. तिथे काठाचा एक दगड पुढे आलेला होता, त्यावर ती डावा पाय टेकवायची. मी अलीकडे. बाबा मध्ये वाकून गाठी मोजत. मग खोली. मग हिशेब. हिशेब झाला की पावडर तोलून बादलीत कालवायची, निवळ वर येईपर्यंत थांबायचं, निवळ दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत सोडायची आणि पाण्याखाली हलवत राहायची. निवळ यायला वेळ लागे. त्या वेळात सुमी विहिरीत तोंड घालून माझं नाव हाकारायची. विहिरीतून माझं नाव परत यायचं, थोडं जाड होऊन.

नववीत आम्हाला घनफळ आलं. शाळा दहिवलीला. आमच्या गणिताच्या बाई फळ्यावर सुंदर गोल काढत, हाताने, एका दमात. वृत्तचितीचं सूत्र त्यांनी दिलं: पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. "त्रिज्या," त्या म्हणाल्या. "जो कोणी व्यास घालेल त्याला बाकावर उभा करीन."

सुमीने व्यास घातला. बाई शब्दाच्या पक्क्या होत्या. सुमी तासभर बाकावर उभी राहिली, डोकं छताच्या वाशाला लागेल म्हणून मान थोडी तिरकी करून. उतरली तेव्हा हसत होती. परत येताना एसटीत मला म्हणाली, "पण तुझ्या बाबांच्या हिशोबात तर व्यासच असतो ना गं? मग मला कशाला उभी केली?"

मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणणंही मला तेव्हा येत नव्हतं. वर्गात पहिली येणारी मुलगी होते मी.

"ते गावठी गणित आहे," मी म्हटलं. "शाळेतलं खरं."

सुमी खिडकीबाहेर बघत राहिली. "बरं बाई," म्हणाली.

त्यानंतरच्या शनिवारी श्रावणातला पाऊस लागून राहिला होता. विहीर भरत आलेली, पाणी सहा मीटर. बाबांना दोन दिवस ताप होता आणि ओढ्यापलीकडच्या वाडीच्या दोन विहिरी अजून व्हायच्या होत्या. ओढा चढत होता. त्यांनी डोक्यावरचं प्लास्टिक नीट केलं, पावडरीचा डबा छत्रीखाली घेतला आणि म्हणाले, "आज सगळं तू कर. मी तोलून घेतो."

इतकं मोठं काम मला कोणी दिलं नव्हतं.

सुमी पलीकडे गेली, दगडावर डावा पाय ठेवून टोक धरलं. "आठ," मी ओरडले. "आठ," तिनेही मोजून ओरडलं. पावसात तिचा आवाज विहिरीवरून आला. व्यास चार. पण मला बाई दिसत होत्या, बाक दिसत होता. मी चारची त्रिज्या केली, दोन. दोनाचा वर्ग चार. चारला सहाने गुणलं. आणि मग सवयीने, तोंडात बसलेल्या आकड्याने, सातशे पंच्याऐंशी.

दोन्ही गणितं खरी होती. मी एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर ठेवलं. त्या तयार आकड्यात व्यासाची सोय आधीच केलेली होती. त्यात त्रिज्या टाकली की पाणी चौथा हिस्सा निघतं. पंचाहत्तर हजार लिटरच्या विहिरीत मला एकोणीस हजार लिटरसुद्धा दिसले नाहीत.

"चौऱ्याण्णव ग्रॅम," मी म्हटलं.

बाबांनी चमच्याने पावडर काट्यावर घातली. चमचा हवेत थांबला. "कमी वाटतं गं."

"दोनदा केलाय हिशेब, बाबा."

एकदाच केला होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या भुवईवरून पावसाचं पाणी गळत होतं. ते बघणं मी आजवर कुठे ठेवू शकलेले नाही. त्या नजरेत शंका नव्हती. "बरं," ते म्हणाले आणि डबा बंद केला.

गुरुवारी पहाटे सुमीला उलट्या सुरू झाल्या. त्या दिवशी विहिरीच्या भोवतालच्या घरांतले दहा-बाराजण आजारी पडले. टेंपोत घालून सगळ्यांना कर्जतला नेलं. सुमी मागच्या फळीपाशी होती, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. मी आमच्या ओट्यावर उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं का, मला आठवत नाही. टेंपोच्या चाकांनी चिखलात दोन चाऱ्या पाडल्या आणि त्यात पाणी भरलं, एवढं आठवतं.

बाकी सगळे परत आले. सुमी आली नाही.

नक्की कशाने झालं ते कोणी सांगू शकलं नसतं. ओढ्याला पूर आला होता, शेतातलं पाणी सगळीकडे शिरलं होतं, शेजारच्या गावातही माणसं आजारी होती. पुरी पावडर पडली असती तरी झालं असतं, असं म्हणता येतं. मी म्हणत आले आहे. छत्तीस वर्षं स्वतःशी एकच वाक्य म्हणून बघा. ते झिजत नाही, आणि आपल्या उपयोगालाही येत नाही.

चूक मला कळली ती घटक चाचणीत. पहिलाच प्रश्न, एका गोल टाकीचा. मी सूत्र लिहिलं, त्रिज्या घातली, पाय घातला आणि हात थांबला. बाकावरची शेजारची जागा रिकामी होती. मी प्रश्न पूर्ण केला. त्या पेपरात मला पैकीच्या पैकी मिळाले.

बाबांना मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत नववी गेली, दहावी गेली, मी कॉलेजला खोपोलीला गेले. मग पुस्तकांत राहिले. ग्रंथालयात नोकरी धरली, जिथे कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नाही.

त्या श्रावणानंतर काही गोष्टी बंद झाल्या. मी त्या एकमेकींना जोडल्या नाहीत. दिवाळीनंतर पोह्यांचा डबा आला नाही. मला वाटलं, डबा आणणारीच राहिली नाही. सकाळी चहाच्या वेळी "किती?" बंद झालं, वाटलं, मी मोठी झाले. बाबा शनिवारी दोरीचं एक टोक काठावरच्या खुंट्याला बांधून एकटेच मोजू लागले, दोनदा मोजत, कागदावर मांडत. वाटलं, पोरीचा अभ्यास मोडू नये म्हणून. आणि एसटीच्या थांब्यावर जायला ते सुमीच्या दारावरून जाईनासे झाले. चिंचेकडून मोठा वळसा घालत. पायांना व्यायाम, म्हणत.

मंगळवारी मी भांडी काढली, कपडे बांधले. बुधवारी डंपर आला.

मागे येणाऱ्या डंपरचा पीं-पीं आवाज साऱ्या आळीत घुमत होता. पोरं बघायला जमली, थोड्या वेळाने कंटाळून गेली. मी ओट्यावरून उठून विहिरीकडे गेले तेव्हा धुण्याच्या दगडावर काकी बसली होती. ऐंशीच्या घरातली, काठी मांडीवर आडवी. पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढलेला, धुळीसाठी.

"काकी, उन्हात कशाला बसलात?" मी म्हटलं. जीभ आपोआप 'तुम्ही'वर गेली.

"मेलेल्याजवळ कोन तरी बसाया नको?" ती म्हणाली. "एवढं पानी प्यालो तिचं."

दुसरा डंपर रिकामा झाला. लाल मुरूम घरंगळत गेला आणि खालून असा आवाज आला जसा कोणी मोठ्या मडक्यात तोंड घालून हुंकार द्यावा. धूळ वर आली. पाण्याचा वास आला, शेवाळाचा, थंड. विहिरीतलं पाणी वर चढत होतं, गढूळ, जितकी माती तितकं वर.

"किती पानी असंल गं आत?" काकीने विचारलं.

"पंचवीस हजार लिटर होतं."

"बापावर गेलीस." मग काठीच्या टोकाने मातीत रेघ ओढत राहिली. "तुजा बाप आला व्हता माज्या दारात. सुमीचं बारावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"कशाला?"

"उभाच राह्यला. म्हनला, वयनी, त्या शनिवारी दवा कमी पडली. माप माजं चुकलं." तिने रेघ पायाने पुसली. "कोन असं येऊन सांगतं का गं? नसतं सांगितलं तर आमाला काय कळनार व्हतं? मी त्याला म्हनलं, परत माज्या दारावरनं जाऊ नको. नाय गेला. म्हातारा झाला, हातात काठी आली, तरी चिंचेवरनंच जायचा."

तिसरा डंपर मागे येत होता. मुकादम हात हलवून ड्रायव्हरला सांगत होता, अजून, अजून.

"त्यो गेला तवा समदा गाव आला," काकी म्हणाली. "मी नाय आले."

मला तेव्हा मागे वळून घरात जाता आलं असतं. बाबा गेले होते, विहीर जात होती, काकीचं वय झालं होतं. तिच्या मनात छत्तीस वर्षं एक माणूस दोषी होता आणि तो दोष आता तिथेच रुळला होता. माझं नाव तिथे कुठे नव्हतं. डंपरचा मागचा पत्रा वर उचलला गेला. मुरूम पडला. धूळ बसली.

"काकी, माप त्यांचं चुकलं नव्हतं," मी म्हटलं. "त्यांना ताप होता. हिशेब मी केला. आकडा मी काढला, तो चुकला. त्यांनी विचारलं होतं, कमी वाटतं म्हणून. मी खोटं सांगितलं, दोनदा केलाय म्हणून. सुमीनं दोरी धरली होती, मी..."

"सुमीनं दोरी धरली व्हती?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"हो. शनिवारी ती नेहमीच धरायची."

"मला वाटायचं, खेळाया जाते." ती म्हणाली. "कुटं उभी राह्यची?"

"समोर. तो काठाचा दगड पुढे आलेला आहे ना, त्यावर डावा पाय ठेवून."

काकी दगडाकडे बघत राहिली. डंपरच्या चाकाने तो हलला होता, पण अजून जागेवर होता.

"तिनं बरोबर धरली व्हती का?"

"बरोबर धरली होती. आठ गाठी. परवा मी मोजल्या, आठच आल्या."

तिने मान हलवली, हळूहळू, स्वतःशी. मग काठी टेकून उठायला लागली. मी हात पुढे केला. तिने तो धरला नाही, ढकललाही नाही. काठीवरच भार देऊन उठली.

"छत्तीस वर्सं," ती म्हणाली. "ह्यो मानूस वाकड्या वाटेनं गेला."

आणि घराकडे चालू लागली. दारापाशी थांबली नाही. आत गेली, कडी लागल्याचा आवाज आला.

सातव्या डंपरला पाणी दिसेनासं झालं. आठव्याला माती काठाला लागली, पण थोड्या वेळाने हातभर खाली बसली. मुकादम माझ्याकडे येऊन हसला. "मॅडम, अजून एक मागवला. पुस्तकात माती बसत नाय, इथं बसते."

आतलं विसरलीस, बाबा म्हणाले असते.

मी सुमीला गावठी गणित म्हणून गप्प केलं होतं, हे काकीला सांगायचं राहिलं. सुमीचा प्रश्न बरोबर होता, हेही. रोलर फिरत असताना मी ओट्यावर उभी राहून ते वाक्य मनात जुळवत होते. त्या दारापर्यंत माझ्या पायांनी चाळीस पावलं. मध्ये आता विहीर नसल्याने वळसाही घालावा लागत नव्हता.

गुरुवारी सकाळी मी घराला कुलूप लावलं. पुढे आलेला तो दगड लोकांनी बाजूला काढून रस्त्याच्या कडेला ठेवला होता. मी थांब्यावर गेले ती चिंचेकडून.

दोरी माझ्याकडे आहे. तिला वीस गाठी आहेत. काकी अजून आहे, आणि मी तिच्या दारात अजून गेलेले नाही.